कडी, तुळई आणि मधला पत्रा: लाकडी जोडाच्या हँगरवर किती भार टाकायचा

जुन्या वाड्यातल्या कडीपाटात कडी तुळईवर टेकलेली असे. विदर्भात त्या तुळईला मयाल म्हणतात. टेकलेल्या कडीचं वजन लाकडावरून थेट लाकडावर उतरतं, खिळा फक्त तिला जागेवरून हलू देत नाही. आता पोटमाळा, दुकानातली मधली माडी किंवा गच्चीवरचा मांडव करताना डोक्यावरची उंची वाचवायची असते. म्हणून कडी तुळईच्या वर न ठेवता तिच्या बाजूला, एकाच पातळीत बसवतात. अशा वेळी कडीखाली लाकूड नसतं. तिथे दुमडलेल्या पत्र्याची एक खोबण असते, तिला हँगर म्हणतात. कडीवरचा सगळा भार त्या पत्र्यातून आणि पत्र्यात ठोकलेल्या खिळ्यांतून तुळईत जातो.

या लेखाचा गाभा एवढाच आहे: कंपनीने छापलेला भाराचा आकडा पत्र्याचा नसतो, पूर्ण जोडाचा असतो. ठरलेला पत्रा, ठरलेल्या जाडीचे आणि लांबीचे खिळे, सगळी भोकं भरलेली, ठरावीक घनतेचं कोरडं लाकूड आणि भाराची दिशा, हे सगळं जुळलं तरच तो आकडा लागू होतो. यातली एक गोष्ट जरी बदलली तरी जोडाची ताकद वेगळी होते.

भार कसा उतरतो ते आधी डोळ्यांसमोर आणा. कडी हँगरच्या तळपट्टीवर बसते. तळपट्टी दोन्ही बाजूंच्या उभ्या पत्र्यांना खाली खेचते. हे पत्रे पुढे दुमडून तुळईच्या अंगावर पानासारखे पसरलेले असतात आणि त्या पानांना भोकं असतात. प्रत्येक भोकातला खिळा वाट्याला आलेलं वजन आडवं झेलतो. पत्रा त्याला खाली ढकलतो आणि लाकूड त्याला धरून ठेवतं. पत्रा फाटण्याच्या खूप आधी खिळा वाकू लागतो आणि त्याच्याखालचं लाकूड चेपू लागतं. म्हणून हँगरची ताकद मोजायची असेल तर आधी खिळे मोजावे लागतात.

खिळ्याचा नंबर

युरोपीय पद्धतीच्या बहुतेक हँगरना ४ मिमी जाडीचा, अंगावर गोल कंगोरे असलेला रिंग खिळा लागतो, लांबी ३५ ते ६० मिमी. पत्र्यातलं भोक ५ मिमीचं असतं. खिळ्याचा डोक्याखालचा भाग किंचित जाड ठेवलेला असतो, त्यामुळे तो भोकात घट्ट बसतो. आपल्या बाजारात साधे खिळे गेजच्या नंबरावर मिळतात. ८ नंबर म्हणजे सुमारे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी आणि १२ नंबर म्हणजे २.६४ मिमी. नंबर वाढला की खिळा बारीक होतो. ४ मिमीच्या जागी १० नंबरचा खिळा मारला तर आडव्या भाराची ताकद साधारण ३० टक्क्यांनी घटते, आणि १२ नंबरने ती जवळपास निम्मी होते. वरून पाहिलं तर डोकी सारखीच दिसतात, म्हणून ही चूक काम झाल्यावर कोणाच्या लक्षात येत नाही.

सगळ्यात धोकादायक सवय मात्र काळ्या जिप्सम स्क्रूची आहे. ते प्रत्येक सुताराच्या पिशवीत असतात, ड्रिल मशीनने दोन सेकंदांत बसतात आणि लाकडात घट्ट पकडतात. जिप्सम बोर्डाला ते उत्तमच आहेत. पण त्यांचं पोलाद कडक करून ठिसूळ झालेलं असतं. एक साधा खिळा आणि एक जिप्सम स्क्रू शिकंजात अर्धे धरा आणि हातोडीने आडवा ठोका द्या. खिळा वाकेल, दुसऱ्या ठोक्याला आणखी वाकेल. स्क्रू आवाज करून तुटेल. आपल्या जोडात नेमका आडवाच भार येतो. वाकणारा खिळा जोड तुटण्याआधी कडी खाली सरकवून दाखवतो आणि सावरायला वेळ देतो. ठिसूळ स्क्रू असा वेळ देत नाही. एक हँगर सुटला की त्याचा भार शेजारच्यावर जातो, आणि तोही तसाच बसवलेला असेल तर एकामागून एक सगळे सुटतात.

स्क्रूच वापरायचे असतील तर हँगरसाठीच बनवलेले घ्या, साधारण ५ मिमी जाडीचे, डोक्याखाली गुळगुळीत दांडा असलेले आणि हँगरच्या माहितीपत्रकात नाव असलेले. मशीनचा क्लच कमी ठेवा. स्क्रू बसल्यावरही फिरवत राहिलात तर लाकडातली आटी घासून निघते. मग स्क्रू घट्ट दिसतो, पण पकड गेलेली असते.

आता भोकं. काही कंपन्यांच्या हँगरवर भोकांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. गोल भोकं भरलीच पाहिजेत, त्रिकोणी भोकं भरली तर वरचा, जास्तीचा आकडा मिळतो. इतर कंपन्या पत्रकात ‘पूर्ण खिळे’ आणि ‘अर्धे खिळे’ असे दोन रकाने देतात. ‘एक सोडून एक मारला, भरपूर झालं’ असं म्हणणाऱ्या मिस्त्रीने नकळत अर्ध्या खिळ्यांचा रकाना निवडलेला असतो. भार त्या रकान्यात बसत असेल तर तेही योग्य आहे. फक्त तो निर्णय मोजून झालेला असावा.

छापलेला आकडा कसा वाचायचा

आकडे किलोन्यूटनमध्ये असतात. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलो वजन, हिशेबाला १०० धरा.

खरी अडचण पुढे आहे. अमेरिकन पत्रकात जो ‘मान्य भार’ दिलेला असतो, त्यात सुरक्षेची सूट आधीच वजा केलेली असते. त्यात १००, १२५, १६० असे रकाने दिसतात, ते भार किती काळ राहणार यासाठी आहेत: मजल्यासाठी १००, छतासाठी १२५, वाऱ्यासाठी १६०. पोटमाळ्यासाठी १६० चा रकाना वाचणं ही सरळ चूक आहे.

युरोपीय पत्रकात बहुधा ‘वैशिष्ट्यपूर्ण ताकद’ दिलेली असते, आणि ती सूट वजा करण्याआधीची असते. समजा तिथे १० किलोन्यूटन लिहिलं आहे. घरातल्या मध्यम मुदतीच्या भारासाठी त्याला ०.८ ने गुणायचं आणि १.३ ने भागायचं, उत्तर ६.१५ येतं. शिवाय त्या पद्धतीत भारही वाढवून धरतात, स्वतःचं वजन १.३५ पट आणि माणसं-सामान १.५ पट. उलट हिशेब केला तर आपल्या साध्या किलोंच्या भाषेत तो हँगर सुमारे ४.२ किलोन्यूटनपर्यंत वापरायचा. पत्रकावर १० वाचून ‘एक टन’ समजणारा माणूस दुपटीहून जास्त चुकतो.

काळाचा हिशेब का करावा लागतो, तर लाकूड सततच्या भाराखाली थकतं. दहा सेकंद जे वजन सहज पेलेल ते दहा वर्षं पेलेलच असं नाही. लाकडी बांधकामाच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस ८८३:२०१६ मध्येही, हाच विचार आहे: सततच्या भाराला गुणक १, दोन महिन्यांच्या भाराला १.१५, सात दिवसांच्या भाराला १.२५, वारा-भूकंपाला १.३३. म्हणून पोटमाळा तयार झाल्यावर चार माणसं चढवून उड्या मारणं ही चाचणी ठरत नाही. त्याने फक्त त्या मिनिटापुरतं कळतं.

एक पोटमाळा मोजून पाहू

खोली ३ मीटर रुंद आहे, दोन्ही बाजूंना तुळया आणि मध्ये ५० बाय १५० मिमीच्या कड्या ४०० मिमी अंतरावर. वर १८ मिमी प्लाय. कड्या, प्लाय आणि वरचा थर मिळून वजन चौरस मीटरला ०.५ किलोन्यूटन धरू. राहत्या खोलीसाठी इमारतींवरच्या भारांची संहिता आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात २ किलोन्यूटन भार सांगितला आहे. एकूण २.५ झाला.

एका कडीच्या वाट्याला ०.४ गुणिले ३, म्हणजे १.२ चौरस मीटर जागा येते. भार झाला ३ किलोन्यूटन, आणि प्रत्येक टोकाच्या हँगरवर त्याचा अर्धा, दीड किलोन्यूटन म्हणजे दीडशे किलो.

हा आकडा छोटा वाटतो, पण पोटमाळ्यावर खोली क्वचितच राहते, बहुतेकदा ते कोठार होतं. घरातल्या कोठाराला त्याच संहितेत ३ किलोन्यूटन धरायला सांगितलं आहे, मग हँगरवर २.१ येतात. पुस्तकं किंवा वह्यांचे गठ्ठे मीटरभर उंच रचले तर चौरस मीटरला ५०० किलोच्या वर सहज जातं. हँगरवर तेव्हा साडेतीनशे किलोच्या जवळपास येतात आणि कडीही त्या भारासाठी बनवलेली नसते. नागपूरच्या इतवारीसारख्या बाजारपेठेत दुकानाच्या मधल्या माडीवर कापडाची ठाणं किंवा हार्डवेअरचे डबे ठेवायचे असतील तर राहत्या खोलीचे आकडे बाजूला ठेवा. माल प्रत्यक्ष तोलून हिशेब करा आणि तो इंजिनीअरकडून तपासून घ्या.

शिडीसाठी ठेवलेल्या तोंडाकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. समजा भिंतीपासून ८० सेंमीवर दोन कड्या कापल्या आणि त्यांची टोकं एका आडव्या तुकड्यात अडकवली. त्या प्रत्येक टोकाकडून १.१ किलोन्यूटन येतो. दोघांचा मिळून २.२ झाला, आणि तो आडव्या तुकड्यातून दोन्ही बाजूंच्या अखंड कड्यांत निम्मा निम्मा वाटला जातो. अखंड कडीच्या त्या बाजूच्या हँगरवर मग दीडऐवजी सुमारे २.३ किलोन्यूटन येतात. म्हणून तोंडाच्या बाजूच्या कड्या जोडकड्या कराव्या आणि त्यांना दुहेरी रुंदीचा हँगर लावावा. पाहणीत आधी हाच कोपरा बघावा.

काम चालू असतानाचा भार वेगळाच असतो. १८ मिमी प्लायचा आठ बाय चारचा एक ताव ३२ ते ३७ किलोचा असतो. पंधरा ताव एका जागी रचले की पाचशे किलो एक-दोन कड्यांवर बसले, आणि तेव्हा हँगरमध्ये दोन-दोनच खिळे असतात. सगळे खिळे भरल्याशिवाय कड्यांवर माल चढवू नका, कोणी त्यावर उभं राहू नका.

लाकूड कोणतं आणि किती कोरडं

परदेशी पत्रकातले आकडे बहुधा पाइन-स्प्रूसवर्गातल्या मऊ लाकडासाठी असतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान त्याहून घन आहे, घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास, आणि साल त्याहूनही जड. घन लाकूड खिळा चांगलं धरतं. पण ते फाटतंही लवकर, आणि फाटलेल्या लाकडातला खिळा हिशेबातून वजा करावा लागतो. म्हणून साग, साल, ऐन, बिजा यांत आधी भोक पाडा, खिळ्याच्या जाडीच्या ८० टक्के. ४ मिमी खिळ्याला ३.२ मिमीचं बिट. घन लाकूड वापरलं म्हणून पत्रकातला आकडा मनाने वाढवू नका. वाड्यातून निघालेलं जुनं सागवान फार चांगलं असतं, पण ते वाळून कठीण झालेलं असतं आणि जुन्या भोकांनी भरलेलं असतं. नवा खिळा जुन्या भोकात किंवा त्याला लागून येऊ देऊ नका. टोकं ठोकून ऐका. पोकळ आवाज आला तर वाळवीने आतून खाल्लं आहे, ते टोक कापून टाका.

ओलावा हा नागपुरात स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. ऑगस्टमध्ये तीच ८० च्या वर असते. पावसाळ्यात लकडगंजमधून आणलेलं, पुरतं न वाळलेलं लाकूड लगेच बसवलं तर पुढच्या उन्हाळ्यात ते आकसतं. २०० मिमी उंचीची तुळई १० टक्के ओलावा गमावते तेव्हा ४ ते ५ मिमी, म्हणजे दीड सूत, कमी होते. पत्रा मात्र आकसत नाही. कडी हँगरच्या तळाशी बसते, वर फट पडते, चालताना खट् असा आवाज येऊ लागतो, बोल्ट सैल होतात. ओल्या लाकडात मारलेला आणि तिथेच वाळलेला साधा खिळा सरळ ओढीला फारच कमजोर पडतो. अमेरिकन संहिता त्याची ताकद पाव धरते. ओलावा मोजायचं छोटं यंत्र कामाच्या ठिकाणी असायलाच हवं. घरातल्या कामासाठी १० ते १२ टक्के असलं की निश्चिंत राहा, २० च्या वर असेल तर लाकूड पट्ट्यांवर रचून सावलीत वाळू द्या.

कूलरचाही विचार करा. उन्हाळ्यात घराघरात वाळ्याच्या किंवा वूड-वूलच्या ताट्यांचा कूलर चालतो. त्याच्या झोतासमोरचं लाकूड मेमध्येही दमट राहतं आणि पत्र्यावर थेंब धरतात. शंभर लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच शंभर किलो असतं, वर मोटरची थरथर. कूलर लाकडी कड्यांना टांगू नका, त्याला लोखंडी स्टँड द्या.

बसवताना

हँगरची आतली रुंदी कडीच्या खऱ्या रुंदीला जुळली पाहिजे. चार बाय दोन म्हणून घेतलेली कडी रंधा मारल्यावर ९५ बाय ४५ राहते आणि ५० मिमीच्या हँगरमध्ये ती सैल बसते. बाजूला पट्टी घालून ती घट्ट करू नका, कारण कडीत शिरणारा खिळा आधी त्या पट्टीत जातो आणि लाकडातली खोली कमी होते. ज्या मापाची कडी त्या मापाचा हँगर घ्या. हँगरची उंची कडीच्या उंचीच्या किमान ६० टक्के असावी, नाहीतर कडी वरून कलंडू शकते.

कडी गुण्याने काटकोनात कापा. कडीचं टोक आणि तुळईचा दर्शनी भाग यांत एक सूत, म्हणजे ३ मिमी, याहून जास्त फट नको. फट वाढली की कडीचं वजन तुळईपासून दूर टेकतं, पत्र्याला पीळ बसतो आणि वरचे खिळे सरळ बाहेर ओढले जाऊ लागतात. काही पत्रकं दोन सूत चालवून घेतात, पण आम्ही एकच सूत धरतो. कडी आखूड पडली तर दुसरी कापा. मागे ठोकळा भरून काम भागवणं चूक आहे.

आधी तुळईवर कडीच्या तळाची रेघ पाणसळीने आखा. हँगर तिथे धरून दोन्ही पानांत एकेक खिळा मारा, कडीचा एक तुकडा घालून पाहा, मग उरलेले खिळे खालून वर भरत जा. तुळईवरचे खिळे पूर्ण झाल्यावरच कडी उतरवा, ती तळपट्टीवर पूर्ण टेकली याची खात्री करा आणि मग बाजूचे खिळे मारा. ज्या हँगरमध्ये बाजूच्या भोकांना तिरका घुमट दिलेला असतो, त्यात खिळा ४५ अंशात, कडीतून पार तुळईत जाईल असा मारायचा असतो. तिथे आखूड खिळा घेतला तर तो तुळईपर्यंत पोचतच नाही आणि त्या जोडाची अर्धी कल्पनाच वाया जाते. जस्त चढवलेला खिळा हातोडीखाली उडतो, त्यामुळे चष्मा लावा.

पत्र्याची पानं एकदाच दुमडायची. चुकलं म्हणून सरळ करून पुन्हा दुमडली तर घडीवर बारीक चीर जाते. काढलेला हँगर दुसरीकडे लावू नका. भोक जुळत नाही म्हणून ग्राइंडरने पान कापणं, बोल्टसाठी भोक मोठं करणं, हँगरला वेल्डिंग करणं, या तिन्ही गोष्टींनी छापील आकडा रद्द होतो. वेल्डिंगने जस्तही जळतं.

तुळईच्या एकाच बाजूला सगळ्या कड्या लटकवल्या तर ती त्या बाजूला पिळते, म्हणून तिची टोकं पिळणार नाहीत अशी धरा. हँगर तुळईच्या तळाशी टांगू नका. वरचे खिळे तुळईच्या उंचीच्या मध्यरेषेच्या वर जायला हवेत, नाहीतर भार लाकडाला तंतूंच्या आडव्या दिशेने फाडतो, आणि त्या दिशेला लाकूड सगळ्यात कमजोर असतं.

बोल्टच्या जोडात अंतरं पाळा. १२ मिमी बोल्ट कडीच्या ओढ येणाऱ्या टोकापासून ७ पट, म्हणजे ८४ मिमी आत असावा, आणि भार येणाऱ्या काठापासून ४ पट, म्हणजे ४८ मिमी. भोक १३ मिमीहून मोठं नको. वायसर मोठा घ्या. १२ च्या बोल्टबरोबर येणारा साधा वायसर २४ मिमी व्यासाचा आणि अडीच मिमी जाड असतो. नट आवळला की तो लाकडात रुततो. लाकडासाठी किमान ३६ मिमी व्यासाचा, ४ मिमी जाड हवा. नाव एकच असलं तरी ही वस्तू वेगळी आहे. खिळ्यांच्या जोडासाठी आयएस २३६६ आणि बोल्टच्या जोडासाठी आयएस ११०९६ आहे, ठेकेदाराकडून आराखडा घेताना हे क्रमांक विचारा.

दात असलेल्या सपाट पट्ट्या, ज्यांनी कारखान्यात कैच्या जोडतात, त्या हायड्रॉलिक दाबानेच बसवायच्या असतात. हातोडीने ठोकल्या की दात वाकतात. जागेवर त्यांना हात लावू नका.

भिंत, बीम आणि गच्ची

तुळई भिंतीलगत आरसीसी बीमला धरायची असेल तर यांत्रिक अँकर, म्हणजे भोकात फुगून पकडणारे बोल्ट, चालतात, मात्र भोकातली भुकटी फुंकून काढून आणि सांगितलेल्या जोराने आवळून. विटेच्या भिंतीत फुगणारा अँकर वीट फोडतो, तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवायचा बोल्ट, घ्या आणि तो विटेच्या मधोमध टाका, सांध्यात नाही. हलक्या एएसी ब्लॉकमध्ये पोटमाळ्याचा भार देऊच नका. कॉलम किंवा बीम शोधा, नसेल तर जमिनीपासून खांब उभा करा.

गच्चीवर हिशेब उलटतो, तिथे भार वरच्या दिशेने येतो. वाऱ्याच्या नकाशात नागपूरचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. त्याचा दाब काढायचा तर ०.६ गुणिले ४४ गुणिले ४४, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १.१६ किलोन्यूटन. ३ बाय ४ मीटरच्या मांडवावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकला आणि वर उचलणारा जोर साधारण तेवढाच धरला, तर १४ किलोन्यूटन होतात. मांडवाचं स्वतःचं वजन ३ किलोन्यूटन वजा करा, ११ उरतात, म्हणजे चार खांबांपैकी प्रत्येकाला जवळपास पावणेतीनशे किलोची उपट. एप्रिल-मेच्या वादळात पत्रे उडतात ते यामुळे. वजन पेलणारा हँगर उपटीला तेवढाच मजबूत नसतो, त्याचा उपटीचा आकडा वेगळा आणि बराच कमी असतो.

उपटीसाठी अशी पट्टी लावा जिच्यात खिळे आडवा भार घेतील: वाशावरून येऊन खांबाच्या अंगावर उतरणारी. लाकडाच्या कापलेल्या टोकात, तंतूंच्या दिशेने मारलेल्या साध्या खिळ्याची सरळ ओढीची ताकद शून्य धरायची असते. वाशाच्या डोक्यावरून खांबाच्या माथ्यात मारलेला लांब खिळा नेमका तसाच असतो. खांबाचं बूड यू आकाराच्या लोखंडी बुटात, फरशीपासून किमान २५ मिमी वर ठेवा. फरशीला टेकलेलं लाकूड पावसाळाभर पाणी पीत राहतं.

गंजाचं साधं गणित असं. तयार हँगरवर बहुधा दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असतं, बाजूला सुमारे २० मायक्रॉन. घरात एवढं पुरतं. गच्चीवर गरम जस्तात बुडवलेलं किंवा स्टेनलेसचं घ्या, आणि खिळे त्याच जातीचे घ्या. स्टेनलेसच्या हँगरला साधा खिळा मारला तर खिळा आधी गंजतो. वाळवीपासून वाचवायला तांब्याच्या क्षारात मुरवलेलं हिरवट लाकूड जस्ताला लवकर खातं, तिथेही जाड जस्त किंवा स्टेनलेसच हवं. ऐन आणि बाभळीतलं टॅनिन लोखंडाभोवती काळा डाग पाडतं.

तयार हँगर मिळाला नाही म्हणून फॅब्रिकेटरकडून ४-५ मिमीच्या एमएस, म्हणजे साध्या पोलादाच्या, पट्टीचा करून घेणं चुकीचं नाही. जाड पट्टी भक्कम दिसते, पण प्रश्न तोच राहतो: भोकं किती, कुठे, आणि त्यांत काय जाणार? तिला छापील आकडा नसतो. तो इंजिनीअरने काढून द्यायला हवा, वेल्ड अखंड हवा, आणि नुसत्या रेड ऑक्साइडवर बाहेर ठेवू नये. कपाटाच्या कोपऱ्याला लावायच्या पातळ एल पट्ट्या मात्र कड्यांना कधीच लावू नका.

पहिल्या उन्हाळ्यानंतर, जूनच्या पावसाआधी, टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा. बोल्ट पुन्हा आवळा. खिळ्याचं डोकं पत्र्यापासून उठलं आहे का, कडी आणि तुळईतली फट सूतभराच्या पुढे गेली का, तुळईवर खिळ्यांच्या ओळीतून चीर निघाली का, हे पाहा. पांढरी भुकटी म्हणजे जस्त झिजतं आहे. ओल कुठून येते ते शोधून थांबवा. तांबूस गंज दिसला तर आतलं पोलाद उघडं पडलं आहे. त्यावर रंग मारू नका. कडीखाली टेकू लावून भार काढा, हँगर बदला आणि नवा बसवताना जुनी भोकं सोडून थोडा बाजूला सरकवा.